गोगोच्या पेन्शनवर उभं घर

दक्षिण आफ्रिकेच्या ईशान्येला, क्रूगर अभयारण्याच्या पश्चिम कुंपणाला लागून बुशबकरिज नावाचा पट्टा आहे. पाऊस बेताचा, जमीन रेताड, झुडपं काटेरी. गावं मात्र एकमेकांना खेटून वसलेली, कारण वर्णभेदाच्या काळात माणसं इथे आणून कोंबली गेली. महिन्याच्या सुरुवातीला या गावांमध्ये एक दिवस वेगळीच वर्दळ असते. तो पेन्शनचा दिवस.

पूर्वी मोकळ्या मैदानात गाडी यायची आणि रोख पैसे वाटायची. तिच्याभोवती बाजार भरायचा: कोंबड्या, टोमॅटो, ब्लँकेटं, जुने कपडे, आणि उधारी वसूल करायला टपून बसलेले सावकार. आता पैसे कार्डावर येतात, दुकानात किंवा एटीएमवर जाऊन काढायचे. रांग मात्र तीच. डोक्याला रुमाल बांधलेल्या, काठी टेकत आलेल्या आज्या, आणि बऱ्याचदा त्यांच्या पिशव्या उचलायला सोबत आलेलं एखादं नातवंड. आजीला त्सोंगा भाषेत 'कोकवाना' म्हणतात, सेपेडीत 'कोको', खोसात 'माखुलू'. झुलूतला 'गोगो' हा शब्द मात्र देशभर चालतो, म्हणून इथेही तोच वापरू.

हे पैसे सरकार गोगोला तिच्या म्हातारपणासाठी देतं. त्यावर जेवतं अख्खं घर. मक्याच्या पिठाची मोठी पोती, साखर, चहा, रॉकेल, विजेचं प्रीपेड रिचार्ज, नातीचा शाळेचा गणवेश, नोकरी शोधायला जोहान्सबर्गला निघालेल्या मुलाचं भाडं, आणि अंत्यविधी मंडळाची महिन्याची वर्गणी.

आफ्रिकेतल्या खेड्यांमधल्या म्हाताऱ्यांबद्दल दोन समज फार प्रचलित आहेत. पहिला असा की तिथे मोठी एकत्र कुटुंबं आहेत, वडीलधाऱ्यांना मान आहे, त्यामुळे म्हातारपणाची चिंता नाही. दुसरा असा की शहरं वाढली, तरुण निघून गेले आणि म्हातारी माणसं वाऱ्यावर पडली. दोन्हींमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते: म्हातारा माणूस घेणारा आणि तरुण देणारा. बुशबकरिजसारख्या ठिकाणी हे गृहीतकच टिकत नाही. असं का झालं हे कळायला गुरांपासून सुरुवात करावी लागते. (आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत आणि घाना, केनिया किंवा सेनेगलमधलं चित्र वेगळं आहे. हा लेख दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागापुरता.)

गुरं कुणाच्या हातात?

खाणी येण्याआधी इथल्या समाजात वडीलधाऱ्यांचं वजन नुसत्या आदरावर उभं नव्हतं. त्याला एक ठोस आधार होता, तो म्हणजे गोठा. तरुणाला लग्न करायचं तर मुलीच्या घरी 'लोबोला' द्यावा लागे, आणि लोबोला म्हणजे गुरं. नाताळ प्रांतात, म्हणजे आजच्या क्वाझुलू-नाताळमध्ये, रूढ झालेला आकडा दहा गुरांचा, शिवाय मुलीच्या आईसाठी एक वेगळी गाय. ही गुरं बापाच्या किंवा काकांच्या ताब्यात. मुलाने त्यांचं ऐकलं, त्यांची गुरं राखली, त्यांच्या शेतावर राबला, तर त्याचं लग्न होणार, त्याचं घर उभं राहणार, आणि मग एके दिवशी तोही मान मिळवणारा म्हातारा होणार. तरुणपणी राबायचं, उतारवयात बसून खायचं, असा तो पिढ्यांमधला करार होता. कुणी लिहिलेला नव्हता, पण मोडला तर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

या कराराला रीतीचं कुंपण होतं. त्याचं नाव 'हलोनिपा', म्हणजे मर्यादा राखणं. नव्या सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इथपर्यंत आपल्याला ओळखीचं वाटेल. पण झुलू आणि खोसा सुनांना त्याही पुढे जावं लागे. सासऱ्याच्या नावातली अक्षरं ज्या ज्या शब्दांत येतात, ते शब्दही टाळायचे आणि त्यांच्या जागी दुसरे वापरायचे. अशा पर्यायी शब्दांची बायकांची एक स्वतंत्र बोलीच तयार झाली. सासऱ्यासमोर डोकं झाकायचं, गोठ्याच्या वाटेने जायचं नाही. वय आणि नातं यांची उतरंड रोजच्या बोलण्या-चालण्यात भिनलेली होती.

या सगळ्या करड्या शिस्तीत एक जागा सैल सोडलेली होती, आजी आणि नातवंडांची. आफ्रिकेच्या अनेक भागांत आजी छोट्या नातवाला लाडाने 'माझा नवरा' म्हणते आणि नातूही तिची थट्टा करतो. बापासमोर मान खाली घालणारा मुलगा आजीच्या मांडीवर लोळतो. आई-बाप ज्या विषयांवर मुलांशी बोलूच शकत नाहीत, म्हणजे वयात येणं, शरीर, लग्न, ते सांगायचं काम आजीचं. आपण नातवंडांना दुधावरची साय म्हणतो, त्यातलाच हा जिव्हाळा. पुढे जे घडलं त्यात नात्यांचं बाकीचं कुंपण बरंच मोडलं, पण ही सैल सोडलेली जागा टिकली, आणि सगळं ओझं तिच्यावरच येऊन पडलं.

खाण आणि बाप

1867 मध्ये किंबर्लीच्या परिसरात हिरे सापडले, 1886 मध्ये विटवाटर्सरँडवर, म्हणजे आजच्या जोहान्सबर्गच्या परिसरात, सोनं. खाणींना मजूर हवे होते. सरकारने झोपड्यांवर कर बसवला, तो रोख रकमेत भरायचा होता, आणि रोख रक्कम खाणीतच मिळत होती. सुरुवातीला वडीलधाऱ्यांनीच मुलांना पाठवलं. पेडी टोळीप्रमुखांनी तरुणांचे जथे किंबर्लीला धाडले, कारण तिथल्या मजुरीतून बंदुका घेता येत होत्या.

पण हातात मजुरी आलेल्या मुलाला बापाच्या गोठ्याची गरज उरत नाही. तो स्वतःचा लोबोला स्वतः देऊ शकतो. हा धोका बापांनी फार लवकर ओळखला. पोंडोलँडमध्ये, म्हणजे आजच्या ईस्टर्न केपच्या पूर्व भागात, त्यांनी एक युक्ती काढली. मजूर गोळा करणाऱ्या दलालाने मुलगा खाणीवर जाण्याआधीच आगाऊ मजुरी द्यायची, आणि तीही गुरांच्या रूपात, थेट बापाच्या गोठ्यात. या पद्धतीला 'जॉयिनी इन्कोमो' म्हणत. 'जॉयिनी' हा इंग्रजी शब्दावरून आलेला, खाणीच्या भरतीसाठीचा शब्द, आणि 'इन्कोमो' म्हणजे गुरं. मुलगा शहरात रमला, परतलाच नाही, तरी त्याची कमाई घरी पोचलेली असायची. मला हा तपशील फार बोलका वाटतो. बापाचं मुलावर प्रेम होतं आणि त्याला मुलाची खात्रीही नव्हती, आणि या दोन्ही गोष्टी त्या एका व्यवहारात मावल्या.

जे खरोखरच परतले नाहीत त्यांच्यासाठी खोसा भाषेत एक शब्द आहे, 'इत्शिपा'. शहराने गिळलेला, घर विसरलेला माणूस. त्या शब्दात राग आहे आणि लाजही.

1913 च्या जमीन कायद्याने देशातली जेमतेम 7 टक्के जमीन काळ्या बहुसंख्यांसाठी राखली. 1936 मध्ये ती मर्यादा 13 टक्क्यांच्या आसपास नेली. एवढ्याशा जमिनीवर शेती करून जगणं अशक्य होत गेलं. पास कायद्यांमुळे पुरुषाला शहरात काम असेपर्यंतच राहता येई, बायको-मुलांना सोबत नेता येत नसे. तो अकरा महिने खाणीच्या बराकीत काढायचा आणि डिसेंबरात घरी यायचा. गावात उरल्या बायका, मुलं आणि म्हातारे. पुढे याच राखीव भागांना 'होमलँड' असं नाव मिळालं. आजच्या बुशबकरिजमध्ये गाझानकुलू आणि लेबोवा या दोन होमलँडचे तुकडे एकत्र आलेले आहेत.

यात एक हिशेब दडलेला होता. खाणमालक मजुराला एकट्या माणसाच्या पोटापुरती मजुरी देत असे. त्याची मुलं वाढवण्याचा, तो आजारी पडला तर त्याला सांभाळण्याचा, तो थकला तर त्याला पोसण्याचा खर्च गावाने करायचा. धुळीने फुप्फुसं निकामी झालेले खाणकामगार घरी मरायला येत, त्यांची सेवा बायका करत. कागदावर कुठेही न दिसणारा हा खर्च कित्येक दशकं गावातल्या बायकांनी उचलला, आणि त्यात आज्यांचा वाटा मोठा होता.

'त्यांचं ते बघून घेतील'

1928 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला. गोऱ्यांना पेन्शन मिळाली, मिश्रवंशीयांनाही कमी दराने मिळाली. काळ्या आफ्रिकनांना वगळलं. कारण असं दिलं गेलं की त्यांच्यात परंपरेने नातेवाईक म्हाताऱ्यांना सांभाळतात, सरकारची गरज नाही. ज्या सरकारने जमीन काढून घेतली, ज्याने मुलांना बापापासून तोडलं, त्याच सरकारने परंपरेचं कौतुक करून हात झटकले. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणारं कुठलंही धोरण वाचताना मला हे 1928 साल आठवतं.

1944 मध्ये काळ्यांनाही पेन्शन लागू झाली, पण गोऱ्यांच्या तुलनेत अगदी तुटपुंजी. पुढे होमलँडमध्ये ती दोन महिन्यांतून एकदा वाटली जाई, आणि म्हाताऱ्या बायका मैलोन्‌मैल चालत वाटपाच्या ठिकाणी जात. वय सिद्ध करणं हीच एक लढाई असायची. जन्मदाखला कुणाकडेच नव्हता. मग अमुक दुष्काळ पडला तेव्हा तू केवढी होतीस, टोळधाड आली तेव्हा चालत होतीस का, 1918 ची फ्लूची साथ आठवते का, असे प्रश्न विचारून अंदाजाने जन्मवर्ष ठरायचं.

वर्णभेदाची अखेर जवळ आली तशी सरकारने सगळ्या वर्णांची पेन्शन सारखी करायला घेतली, आणि 1993 मध्ये ती सारखी झाली. आणि तिथे एक विलक्षण गोष्ट घडली. गोऱ्या म्हाताऱ्यांच्या गरजा डोळ्यासमोर ठेवून ठरलेली रक्कम एकदम गावातल्या गोगोच्या हातात आली. त्या वेळी ती महिना 370 रँड होती. अर्थतज्ज्ञ ॲन केस आणि अँगस डीटन यांनी हिशेब मांडला, तर ही रक्कम काळ्या कुटुंबांच्या माणशी मासिक उत्पन्नाच्या मध्यम पातळीच्या दुपटीहून जास्त होती. म्हणजे कालपर्यंत घरात सगळ्यांत गरीब असलेली म्हातारी एका रात्रीत घरातली सगळ्यांत भरवशाची कमावती झाली.

आज ही पेन्शन सुमारे 40 लाख लोकांना मिळते. 2024 च्या अखेरीस ती महिना 2,190 रँड होती, पंचाहत्तरी ओलांडली की 20 रँड जास्त. उत्पन्न आणि मालमत्तेची अट आहे, पण गावातली जवळजवळ सगळी म्हातारी माणसं तिच्यात बसतात. बायकांना ती साठीला मिळे आणि पुरुषांना पासष्टीला. 2010 पर्यंत पुरुषांचं वयही टप्प्याटप्प्याने साठवर आणलं.

बुशबकरिजमध्ये आणखी एक प्रश्न होता. 1980 च्या दशकात मोझांबिकमधल्या यादवी युद्धातून हजारो कुटुंबं क्रूगरचं जंगल तुडवत इथे आली होती. भाषा तीच, नातीगोती जुनी, पण नागरिकत्व नाही. शेजारच्या गोगोला पेन्शन, हिला नाही. 2004 मध्ये 'खोसा' खटल्यात (हे अर्जदाराचं आडनाव, खोसा भाषेशी संबंध नाही) घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की कायमच्या रहिवाशांना या मदतीतून वगळणं घटनेला धरून नाही. त्या एका निकालाने कित्येक घरांतला आजी-नातवंडांचा हिशेब बदलला.

पैसा हातात आल्यावर

पेन्शन म्हातारीची, पण तिने फायदा कुणाचा झाला? अभिजित बॅनर्जींबरोबर 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एस्थर ड्युफ्लो यांनी 1990 च्या दशकातली आकडेवारी तपासली. लहान मुलांची उंची आणि वजन हे त्यांच्या पोटात काय गेलं याचं सगळ्यांत प्रामाणिक माप. पेन्शन आजीला मिळत होती अशा घरांतल्या नातींची उंची आणि वजन ठळकपणे सुधारलेलं दिसलं. पेन्शन आजोबांना मिळत होती तिथे असा परिणाम आढळला नाही. रक्कम तीच, नियम तेच. फरक इतकाच की ती कुणाच्या हातात पडली.

आजोबा वाईट असतात असा याचा अर्थ नाही. घरात पैसा 'आला' म्हणजे तो सगळ्यांचा झाला असं होत नाही, तो ज्याच्या हातात असतो त्याच्या डोळ्यांसमोर जी गरज असते तिकडे आधी वळतो, एवढंच. आजोबा आयुष्यभर खाणीत राहिलेले. चुलीशी, मुलांच्या भुकेशी रोजचा संबंध आजीचा. शिवाय आजी बऱ्याचदा आईची आई असते. लोबोला देण्याची ऐपत नसल्याने लग्नं लांबतात किंवा होतच नाहीत, आणि मुलं आईच्या माहेरी वाढतात. काही घरांत मुलं आजीलाच 'मामा', म्हणजे आई, म्हणतात, आणि स्वतःच्या आईला ताईसारखं नावाने हाक मारतात.

पेन्शनवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: म्हातारीच्या पैशावर तरुण ऐतखाऊ झाले. सुरुवातीच्या काही पाहण्यांत खरंच दिसलं की पेन्शन येणाऱ्या घरात राहणारे कामाच्या वयाचे पुरुष काम कमी करतात. पण ही पाहणी एका विशिष्ट दिवशी घरात कोण आहे एवढंच बघत होती. नंतर क्वाझुलू-नाताळच्या उमखान्याकुडे भागात तीच घरं काही वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासली, तेव्हा चित्र फिरलं. घरात पेन्शन सुरू झाली की तरुण माणसं काम शोधायला बाहेर पडण्याचं प्रमाण वाढलं होतं. आणि ते उघडच आहे. शहरात जायला भाडं लागतं, काम मिळेपर्यंत पोटाला लागतं, आणि मागे मुलांना सांभाळायला कुणीतरी लागतं. गोगो या तिन्ही गोष्टी पुरवते. पहिल्या पाहणीत जे बाहेर पडले होते ते घरात नसल्यामुळे मोजलेच गेले नव्हते. मागे राहिलेल्यांना मोजून सगळ्यांवर शिक्का मारला गेला.

मधली पिढी गेली तेव्हा

बुशबकरिजमधल्या ॲजिनकोर्ट गावाच्या परिसरात विटवाटर्सरँड विद्यापीठाने 1992 पासून एक मोठं काम चालवलं आहे. परिसरातल्या गावांमधल्या प्रत्येक घराची दरवर्षी नोंद: कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरगावी गेलं. आज या नोंदीत एक लाखाहून जास्त माणसं आहेत. पुढच्या बारा-तेरा वर्षांत त्या नोंदींमध्ये जे दिसलं ते वाचताना अंगावर काटा येतो. 1992 ते 2005 या काळात तिथल्या बायकांचं सरासरी आयुर्मान सुमारे 12 वर्षांनी घटलं, पुरुषांचं सुमारे 14 वर्षांनी. कारण एड्स. म्हातारे आणि मुलं मागे राहिली, मधली माणसं गेली. खाणीतून, शहरातून, ट्रकच्या रस्त्यांवरून आजार घरी आला आणि ज्यांनी आई-वडिलांना म्हातारपणी सांभाळायचं होतं, त्यांनाच आई-वडिलांनी अंथरुणावर सांभाळलं.

आजारी मुलगी शहरातून सामानासकट घरी येते, हातात दोन लहान मुलं. गोगो तिला भरवते, धुते, दवाखान्यात नेते. मग तिला पुरते. मग मुलं वाढवते. काही गोगोंनी हे तीन-तीनदा केलं. शोक करायला वेळ नव्हता, कारण सकाळी शाळेचा डबा होता.

सरकारी दवाखान्यांतून एड्सवरची औषधं 2004 पासून मिळू लागली; त्याआधीची वर्षं एचआयव्हीमुळेच एड्स होतो हे सरकारने नाकारण्यात वाया गेली होती. 1998 पासून मुलांच्या पालनपोषणाचा भत्ताही होता. त्याचा नियम शहाणपणाचा आहे: पैसे मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्याला मिळतात, मग ती आई असो, आजी असो की शेजारीण. सुरुवातीला हा भत्ता सात वर्षांखालच्या मुलांनाच मिळे, पुढे तो अठरापर्यंत वाढला. आज सुमारे 1 कोटी 30 लाख मुलांसाठी तो दिला जातो. कोर्टाच्या आदेशाने मिळणारा अनाथ मुलांचा भत्ता यापेक्षा मोठा, पण त्यासाठी समाजसेवक, अहवाल, तारखा. एवढ्या अनाथांची कल्पना करून ती व्यवस्था उभारलेलीच नव्हती, आणि आज्या वर्षानुवर्षं फायली धरून बसल्या.

चटके

हे सगळं वाचून गोगो म्हणजे त्यागाची देवी असं चित्र मनात उभं राहू शकतं. त्यात तिच्यावर अन्याय आहे. ती थकते, चिडते, आणि तिच्या पैशावर सगळ्यांचा डोळा असतो.

देशातली बेरोजगारी 30 टक्क्यांच्या वर आहे, 15 ते 24 वयोगटात तर 60 टक्क्यांच्या आसपास. घरात तिशीचा धडधाकट मुलगा आहे, त्याला काम नाही, आणि तो आईकडे पैसे मागतो. न मिळाल्यास ओरडतो, कधी हात उगारतो. ज्या मुलाने तिला पोसायचं, त्याला ती पोसते, ही दोघांसाठीही शरमेची गोष्ट आहे, आणि ही शरम बऱ्याचदा रागाचं रूप घेते. म्हाताऱ्या म्हणतात, हल्लीच्या मुलांना हलोनिपा ठाऊक नाही, त्यांना फक्त त्यांचे हक्क ठाऊक आहेत. तरुण म्हणतात, मान द्यायला आम्हाला आधी माणूस तर होऊ द्या. नोकरी नाही म्हणून लोबोला नाही, लोबोला नाही म्हणून लग्न नाही, आणि लग्न नाही म्हणून चाळिशीतही समाजाच्या लेखी पोरगाच. जुन्या करारात मोठं होण्याची एक वाट होती. ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी कुणी आखून दिली नाही.

मग 'माशोनिसा' येतो, गावातला खासगी सावकार. पेन्शन महिनाअखेर पुरत नाही, तेव्हा त्याच्याकडून उचल घ्यायची. तो तारण म्हणून गोगोचं कार्ड आणि ओळखपत्र स्वतःकडे ठेवतो आणि पेन्शनच्या दिवशी तिच्यासोबत यंत्रासमोर उभा राहतो.

याहून भयंकर काळही या भागाने पाहिला आहे. 1980 च्या दशकात वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात उतरलेल्या तरुणांच्या काही टोळ्यांनी लेबोवात म्हाताऱ्या माणसांवर चेटूक केल्याचे आरोप ठेवून त्यांना जिवंत जाळलं. त्यात एकट्या, विधवा बायका बऱ्याच होत्या. 1990 नंतर हे प्रकार इतके वाढले की 1995 मध्ये राळुशाई आयोग नेमावा लागला. चेटकाच्या आरोपामागे भीती असते, मत्सर असतो, अकाली मृत्यूचं उत्तर शोधणं असतं. पण तिथे पिढ्यांचा सूडही होता. वडीलधाऱ्यांनी गोऱ्या सरकारशी जुळवून घेतलं आणि आमचं भविष्य गमावलं, हा तरुणांचा आरोप होता, आणि तो सगळ्यांत दुबळ्या म्हातारीच्या दारात जाऊन फुटला.

गोगोला कोण बघतं?

औषधं आल्यावर मधली पिढी पुन्हा जगू लागली आणि ज्यांना लागण झाली होती ते स्वतःच म्हातारे होऊ लागले. 2014-15 मध्ये ॲजिनकोर्टमध्ये चाळिशी ओलांडलेल्या 5,059 जणांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यातल्या 23 टक्क्यांना एचआयव्हीची लागण होती. त्यासोबत रक्तदाब, मधुमेह. एका म्हातारीच्या पिशवीत तीन आजारांच्या गोळ्या. गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवणारी, चिठ्ठी वाचून दाखवणारी, फोनवर पैसे तपासणारी बहुतेक वेळा नातच असते. पाणी आणणं, लाकडं गोळा करणं, मोरोगो म्हणजे रानभाजी खुडणं, हेही तिचंच. मुलगा आईला सांभाळेल हा जुना करार. आता तो एक पिढी ओलांडून आजी आणि नातीमध्ये झाला आहे, आणि तो मोडतो तोही तिथेच, कारण नात अठराची झाली की तिलाही शहर गाठावं लागतं.

आजोबांबद्दल फार कमी बोललं जातं. आयुष्यभर पैसे पाठवणारा माणूस साठीत घरी येतो तेव्हा मुलं त्याला ओळखत नसतात. ज्याने पैसे पाठवणं कधीच थांबवलं होतं त्याला बायको दारात उभं करत नाही. एकट्या म्हाताऱ्या पुरुषाची चूल या गावांत फार केविलवाणी असते, आणि तिच्याकडे बघायला हवं.

आणि एक आनंदाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बुशबकरिजच्या उत्तरेला, लिम्पोपोतल्या त्झानीनजवळ म्हाताऱ्या बायकांचा फुटबॉल संघ आहे, 'वाखेगुला वाखेगुला'. त्सोंगा भाषेत 'वाखेगुला' म्हणजे म्हाताऱ्या बायका. समाजकार्य करणाऱ्या बेका न्त्सानविसी यांनी तो उभा केला. साठीच्या, सत्तरीच्या गोगो रक्तदाब आटोक्यात ठेवायला मैदानात उतरल्या, घोटे सुजवून घेतले, भांडल्या, गोल केले. 2010 मध्ये हा संघ अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये खेळून आला. त्या वेळेपुरत्या त्या कुणाच्या आजी नव्हत्या.

गोगो जाते तेव्हा दोन गोष्टी एकाच आठवड्यात होतात. पेन्शन थांबते, आणि घरातला सगळ्यांत मोठा खर्च समोर येतो. उमखान्याकुडेच्या नोंदींवरून दिसतं की एका प्रौढाच्या अंत्यविधीला साधारण एका माणसाच्या वर्षाच्या उत्पन्नाइतका खर्च येतो: शवपेटी, मांडव, आणि दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी कापलेलं गुरं. अंत्यविधी मंडळाची वर्गणी ती इतकी वर्षं न चुकता भरत होती ती यासाठीच. मग प्रश्न येतो नातवंडांचा. एक मावशीकडे, एक काकांकडे, मोठा शहरात. ज्या घराला तिने धरून ठेवलं होतं त्याला कुलूप लागू शकतं.

नेहमीच लागतं असं नाही. जोहान्सबर्गला तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी केलेली मोठी लेक परत येते. तिचीच मुलं या अंगणात वाढली, ती पैसे पाठवत राहिली आणि डिसेंबरात येत राहिली. आता तिला अठ्ठावन्न झालीत, गुडघे दुखतात, काम होत नाही. ती आईची कळशी घासून ठेवते आणि दोन वर्षं मोजू लागते. तिच्या आईचं वय दुष्काळ आणि टोळधाडीवरून ठरलं होतं. हिच्या ओळखपत्रावर तारीख छापलेली आहे. त्या तारखेला ती पेन्शनचा अर्ज भरेल, आणि धाकट्या बहिणीने शहरातून पाठवलेलं बाळ आत्तापासूनच तिच्या पाठीला बांधलेलं आहे.